देवाचा मानकरी कोण? : खेळातले देव घडवताना

(एका विद्यार्थी अभ्यासगटासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना दोघांनी मला दारातच अडवून विचारलं, "ताई, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली तू, आणि आम्हाला देव बनवायला शिकवणार?" विचारलं हसत, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञांमध्ये देवांची नावं घेऊन त्यांना नाकारलेलं आहे. आमच्या पणजोबांनी टोपलीभर टाक नदीत सोडून दिले, असं घरात अजून सांगतात. त्या घरातल्या मुलीने दर रविवारी हॉस्टेलच्या खोलीत बसून नवे देव लिहायचे म्हणजे काय? उत्तर आहे माझ्याकडे. पण त्याआधी हा खेळ काय आहे आणि त्यात देव येतात कुठून, हे सांगावं लागेल.

टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण जग सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. मी दार ढकलते, मी पहारेकऱ्याशी बोलते, असं तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. बस. आपल्याकडे बोहाड्यात माणूस मुखवटा चढवून देव होतो, इथे मुखवट्याऐवजी एक कागद असतो, ज्यावर तुमच्या पात्राची ताकद, अक्कल, नशीब सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. यातला सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ मध्ये काढला. त्यात पहिल्यापासून तीन प्रकारची पात्रं होती : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. आता पुरोहित आला म्हणजे देव पाहिजे. म्हणून १९७६ मध्ये देवांची एक पुस्तिका निघाली आणि १९८० मध्ये 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' हे जाडजूड पुस्तक.

त्या पुस्तकात भारतीय देवांचं एक प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे हिट पॉइंट्स दिलेले, म्हणजे किती मार खाल्ल्यावर हा मरेल त्याचा आकडा. इंद्राच्या मरणाचा हिशेब छापील पाहिला तेव्हा मी एकटीच खोलीत हसत बसले होते. ज्याच्या नावाने हजारो वर्षं घाबरवलं, तो एका अमेरिकन पोराच्या फाशावर मरू शकतो!

हसून झाल्यावर मात्र नावं पुन्हा वाचली. यात खंडोबा नाही. मरीआई नाही. तेलंगणातली पोचम्मा नाही. कोट्यवधी माणसं ज्यांच्यापुढे कोंबडं कापतात, ज्यांच्या नावाने शपथ घेतात, त्यातलं कुणी नाही. लेखकांच्या मनात आपल्याबद्दल वैर होतं असं नव्हे. त्यांना आपण आहोत हेच माहीत नसावं. त्यांच्या गावच्या लायब्ररीत 'इंडिया' नावाच्या कपाटात जी पुस्तकं होती ती संस्कृत ग्रंथांवरून इंग्रजीत आलेली. ते कपाट कुणी भरलं, कुणी भाषांतराला कोणता ग्रंथ सुचवला, कुणी 'हाच खरा भारत' म्हणून बोट दाखवलं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जग रचणारा माणूस नेहमी आधीच रचलेल्या कपाटातून उचलतो.

आता आणखी बारीक गोष्ट. २०१४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये देवांचे तक्ते आहेत. रकाने चार : देवाचं नाव, त्याची वृत्ती म्हणजे चांगला की दुष्ट, त्याचं क्षेत्र म्हणजे युद्ध, प्रकाश, मृत्यू वगैरे, आणि त्याचं चिन्ह. नवीन मुलं देव बनवायला बसली की हेच चार रकाने भरतात. वादळाचा देव, चिन्ह वीज. झालं. असे देव मी शेकड्याने पाहिलेत आणि ते दुसऱ्या रविवारी कुणालाच आठवत नाहीत. कारण त्यांच्या देवळात केर कुणी काढत नाही. त्यांची जमीन कुणी कसत नाही. त्यांच्या नगाऱ्याला कातडं कुणी मढवलं, ते कुणी कमावलं, आणि नगारा आत गेल्यावर तो मढवणारा कुठे उभा राहिला, हे त्या तक्त्यात बसत नाही.

आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. टेबल म्हणजे जोडलेल्या दोन खाटा. आम्ही सहा जण, महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात : दोघी मराठी, एक तेलुगू मित्र, केरळची एक मैत्रीण, ओडिशाची एक, आणि झारखंडचा एक मित्र, जो खेळतो कमी आणि वाद जास्त घालतो. एक सोडून बाकी सगळे घरातले पहिलेच पदवीधर. मी गेम मास्टर होते. पहिल्या दिवशी मी एवढंच म्हटलं : नदीकाठी एक शहर आहे, वरच्या अंगाला मोठं देऊळ आहे, पुढचं तुम्ही सांगा. पंधरा मिनिटांत सगळ्यांनी मिळून जे देऊळ उभं केलं, त्यातला पुजारी पुरुष होता, गोरा होता, बापाकडून त्याला पूजेचा हक्क आलेला होता, आणि गाभाऱ्यात बाकी कुणाला प्रवेश नव्हता. जात हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? सगळे गप्प. हे जग आमचं होतं. त्यात माणसाला शेपूट असू शकत होतं, आकाशात दोन चंद्र होते, पण पुजाऱ्याच्या पोराशिवाय दुसरा कुणी पुजारी होऊ शकतो हे सहा जणांपैकी कुणाच्या डोक्यात आपोआप आलं नाही.

'कल्पनाविश्वात जात नसते' असं म्हणणारे खूप भेटतात, विशेषतः इंग्रजीत खेळणाऱ्या शहरी मंडळींत. जात लिहिली नाही की ती नसते, असा त्यांचा समज. माझा अनुभव उलटा आहे. जी गोष्ट तुम्ही लिहीत नाही, ती तुमच्या सवयीने भरली जाते.

तर त्या शांततेत ओडिशाच्या मैत्रिणीने विचारलं, "या देवळाचं निर्माल्य कुठे जातं?" हा प्रश्न मला कुठल्याही नियमपुस्तकात सापडला नसता. निर्माल्य नदीत जातं. नदी खाली वाहते. खाली कोण राहतं? आम्ही नकाशा खाटेवर पसरला आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला चामडं कमावणाऱ्यांची, मासे सुकवणाऱ्यांची, धोब्यांची वस्ती काढली. वरचा देव आम्ही उगमेश ठेवला होता, उगमाचा मालक. खालच्या वस्तीची देवी ठरली गाळाई. नदीतून जे जे खाली येतं, फुलं, राख, मेलेली जनावरं, पुरात वाहून आलेली माती, ते सगळं जिच्या अंगावर बसतं ती गाळाई. तिची मूर्ती नाही. दर पावसाळ्यानंतर वस्तीतली माणसं ताज्या गाळाचा गोळा करतात, तीच देवी. पुढच्या पुरात ती वाहून जाते. तिला पुजारी लागत नाही, कारण जपून ठेवायला काही नाही.

मग ठरवलं की दोन्हीकडच्या गोष्टी वेगळ्या असतील. वरचे सांगतात : गाळाई ही उगमेशाची दासी, तिने चोरून देवाचं पाणी प्यायलं म्हणून तिला खाली ढकललं. खालचे सांगतात : उगमेश हे गाळाईचं लेकरू, गाळात खेळायची लाज वाटली म्हणून डोंगरावर पळून गेलं, आणि अजून दर पावसाळ्यात आईसाठी रडतं, त्याला पूर म्हणतात. खरं कोणतं? मी गेम मास्टर असूनही ते ठरवलं नाही, आणि ठरवणारही नाही.

ही युक्ती मी ग्रेग स्टॅफर्डकडून घेतली. या माणसाने कॉलेजात असताना, १९६६ पासून, ग्लोरान्था नावाचं एक जग रचायला घेतलं. पुढे १९७८ मध्ये रूनक्वेस्ट हा खेळ त्या जगात बसवला गेला. ग्लोरान्थात ऑर्लान्थ नावाचा वादळाचा देव येल्म नावाच्या सूर्यदेवाला मारतो. ऑर्लान्थला मानणारे सांगतात की येल्म जुलमी सम्राट होता, आणि त्याला मारल्यावर जगावर जो अंधार पसरला तो निस्तरायला आमचाच देव पाताळात उतरला. येल्मला मानणाऱ्या साम्राज्यात हाच ऑर्लान्थ बंडखोर, खुनी, सगळ्या अनर्थाचं मूळ. घटना एक, पुराणं दोन, आणि दोन्ही त्या त्या समाजाची घडी सांगणारी.

आपल्याला हे नवीन नाही. वामनाने बळीला पाताळात ढकललं, ही गोष्ट शाळेत एका बाजूने शिकवतात आणि दिवाळीत घरातल्या बाया ओवाळताना बळीचं राज्य येऊ दे म्हणतात. केरळच्या मैत्रिणीने टेबलावर सांगितलं, आमच्याकडे तर ओणमला महाबली दरवर्षी घरी येतो, सगळं राज्य त्याच्या स्वागताला फुलं मांडतं, वामनाची वाट कुणी बघत नाही. झारखंडचा मित्र म्हणाला, आमच्याकडे असुर नावाचा आदिवासी समाज आहे. बाकीचे दुर्गापूजेत नाचतात तेव्हा त्यांच्यातले लोक महिषासुराचा शोक करतात. आणि या सगळ्याचं शास्त्र करण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच भाषेत झालेला आहे. १८७३ ची 'गुलामगिरी' काढा. जोतीराव फुल्यांनी तिथे विष्णूचे अवतार घेतले आणि त्यांना आक्रमक टोळ्यांचे म्होरके म्हणून वाचलं. खंडोबा म्हणजे बळीच्या राज्यातला खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा, असे त्यांनी गावोगावच्या दगडांना हुद्दे परत दिले. त्यांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राला पटोत न पटोत. त्यांनी विचारलेला प्रश्न जग रचणाऱ्या प्रत्येकाने विचारायचा प्रश्न आहे : ही गोष्ट कुणाच्या अंगणातून सांगितली जाते आहे?

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्येही ही फट एकदा उघडली होती. ऑर्क नावाची जमात तुम्ही सिनेमात पाहिली असेल, कुरूप, हिंस्र, मारून टाकायला मोकळी. त्यांचा देव ग्रूम्श, तक्त्यात 'दुष्ट'. पण जून १९८२ च्या 'ड्रॅगन' मासिकात रॉजर मूर यांनी ऑर्कांच्या बाजूने एक लेख लिहिला. त्यात ऑर्क सांगतात : सुरुवातीला देवांनी जगाच्या वाटणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. एकाला डोंगर मिळाले, एकाला जंगल, एकाला शेतं. ग्रूम्शची पाळी आली तेव्हा काही शिल्लकच नव्हतं, आणि बाकीचे देव त्याला हसले. म्हणून त्याने भाला मारून डोंगर फोडले आणि म्हटलं, माझी माणसं इथे राहतील, आणि तुमचं जे आहे ते हिसकावतील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गावाचा नकाशा दिसला. गावठाण कुणाचं, गायरान कुणाचं, आणि वाटणी संपल्यावर आलेले कोण. मूर यांच्या डोक्यात आपलं गाव नव्हतं, हे उघड आहे. पण जमीन न मिळालेल्यांचा देव रागीट असणार आणि बाकीच्यांच्या पुस्तकात तो दुष्ट म्हणून नोंदला जाणार, ही गोष्ट त्यांनी बरोबर पकडली. खेळाने मात्र त्यातून पुढे फार काही केलं नाही. ऑर्क मारायलाच राहिले. जमातींसाठी वापरला जाणारा 'वंश' हा शब्द बदलून 'प्रजाती' करायला २०२४ साल उजाडलं.

परत मानकऱ्यांकडे येते. स्टॅफर्डच्या मंडळींनी १९७९ मध्ये 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' नावाचं पुस्तक काढलं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते जरूर चाळावं. त्यात देवाच्या ताकदीइतकीच जागा देवाच्या संस्थेला आहे. सदस्य कसं व्हायचं, परीक्षा कोण घेतं, कोण कुणाच्या हाताखाली, कुणाला काय वर्ज्य. रूनक्वेस्टमध्ये साधा दीक्षित भक्त आपल्या वेळेचा आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देतो, तर पुजारी झालेला माणूस शंभरातले ९०. म्हणजे देव हा एक हिशेब आहे. दुर्खीमने १९१२ मध्ये सांगितलं की समाज देवाच्या रूपात स्वतःलाच पुजतो. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की समाजातला कोणता भाग पुजतो आणि कोणता भाग पूजेचं सामान वाहतो तेही लिहा.

आमच्या खेळात हा हिशेब तिसऱ्या महिन्यात वर आला. दुष्काळ पडला. वरच्या देवळाच्या लोकांनी बंधारा घातला. खाली गाळ येईना, म्हणजे देवीच येईना. वस्तीचे लोक वर चालून गेले, तेव्हा देवळाने एक प्रस्ताव ठेवला. तो मी अगदी थंड डोक्याने लिहिला होता, कारण असे प्रस्ताव आपल्या इतिहासात भरपूर आहेत. गाळाईला आम्ही उगमेशाची राणी म्हणून मान्य करतो. तिची दगडी मूर्ती करू, गाभाऱ्यात डाव्या हाताला बसवू. तिला मांसाचा नैवेद्य बंद. तिची पूजा आमचे पुजारी करतील. बंधाऱ्याचं दार वर्षातून एकदा, तिच्या उत्सवाला उघडू.

खेळणाऱ्यांत दोन तट पडले. तेलुगू मित्राचं पात्र म्हणालं, घ्या, राणी झाली की पाणी तरी येईल, पुढचं पुढे. त्याचं खोटं नव्हतं. माझ्या मराठी मैत्रिणीचं पात्र चामडं कमावणाऱ्याची मुलगी होतं. तिने देवाबद्दल काही विचारलंच नाही. तिने विचारलं, "मानकरी कोण? पालखीला पहिला खांदा कुणाचा? दक्षिणेच्या पेटीची किल्ली कुणाकडे?" आणि मग, "बंधाऱ्याचं दार उघडायचा हक्क पुजाऱ्याला दिलाच कुणी?" यावर तीन रविवार गेले. फासा क्वचितच टाकला गेला. शेजारच्या खोलीतल्यांनी भांडण समजून दोनदा दार वाजवलं.

तिचे प्रश्न हवेतून आलेले नव्हते. खंडोबाच्या बायका बघा : म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवाचं लग्न म्हणजे दोन समाजांमधला करारच, आणि कोणती बायको थोरली, कुणाचं देऊळ डोंगरावर आणि कुणाचं खाली, यात कराराच्या अटी दिसतात. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा. त्यावरची शेवटची कोर्टबाजी सर्वोच्च न्यायालयात संपली जानेवारी २०१४ मध्ये. मधली ४० वर्षं भांडण कशाचं होतं? विठ्ठल किती प्रेमळ आहे याचं नक्कीच नाही. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०१७ मध्ये दलित पुजारी नेमले ती देशभर बातमी झाली. पुजारीपण ही एक नोकरी आहे, तिला पगार आणि प्रतिष्ठा आहे, आणि ती आजवर राखीवच होती, हे त्या बातमीने उघड केलं. तुमच्या कल्पनेतल्या देवळात नोकरभरती कशी होते, एवढं जरी लिहिलंत तरी तुमचा देव बाजारातल्या निम्म्या पुस्तकांपेक्षा जिवंत होईल.

आणि हे लिहिणारी आपली माणसं आता त्या पुस्तकांत पोचायला लागलीत. २०२२ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' नावाचा संग्रह आला. त्यात शंखभूमी नावाचा एक देश आहे, बंगालच्या मातीतून घडवलेला. तो लिहिला मिमी मंडल यांनी. त्या कोलकात्याच्या आहेत आणि दलित लेखिका म्हणून उघडपणे लिहितात. १९८० च्या त्या कपाटापासून इथवर यायला ४२ वर्षं लागली.

आता दारातला प्रश्न. प्रतिज्ञा आणि हा खेळ यांचं कसं जुळतं?

बाबासाहेबांनी देव नाकारले ते त्यांची खोलवर तपासणी करून. 'रिडल्स इन हिंदुइझम'मधला एक प्रश्नच असा आहे, की ब्राह्मणांनी देवांना चढवलं आणि उतरवलं का? म्हणजे इंद्र-वरुण मागे का पडले, दुसरे का पुढे आले. हे पुस्तक महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या गदारोळाचं कारण असं दिसतं : देव नाही म्हणणारा नास्तिक लोकांना चालून जातो. देव कुणीतरी केला, अमुक कारणासाठी केला आणि काम संपल्यावर बदलला, असं कारखान्याचं दार उघडून दाखवणारा माणूस चालत नाही.

आणि ही रीत बाबासाहेबांच्याही मागे जाते. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात एक गोष्ट आहे. जग पुन्हा घडायला लागतं तेव्हा एक जीव रिकाम्या ब्रह्मविमानात पहिल्यांदा जन्मतो. एकटा कंटाळतो, कुणी यावं असं त्याला वाटतं. मग दुसरे जीव आपापल्या कारणांनी तिथे जन्मतात. त्याला वाटतं, मी इच्छा केली म्हणून हे आले, म्हणजे मीच निर्माता. नंतर आलेल्यांनाही वाटतं, हा आपल्या आधीपासून आहे, म्हणजे यानेच आपल्याला केलं. गैरसमजातून झालेला निर्माता देव! इतका चांगला देव मला कुठल्याही खेळाच्या पुस्तकात सापडलेला नाही. आणि अग्गञ्ञ सुत्त तर सरळ पुरुषसूक्ताला उत्तर आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोघे संघात आले म्हणून त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देतात, आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो म्हणतात. बुद्ध म्हणतात, ब्राह्मणांच्या बायकांना पाळी येते, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, दूध पाजतात, हे सगळ्यांना दिसतं. मग ते जगाच्या आरंभाची दुसरी गोष्ट सांगतात : आपोआप उगवणारा तांदूळ, तो साठवायची हाव, शेताला बांध, चोरी, आणि मग सगळ्यांनी निवडलेला, तांदळाचा वाटा घेऊन काम करणारा पहिला राजा. वर्ण कुणाच्या तोंडातून किंवा पायातून निघालेले नाहीत, माणसांच्या कामांतून आणि भांडणांतून निघाले. एका जगाला दुसऱ्या जगाने दिलेलं हे उत्तर आहे.

म्हणून माझं उत्तर साधं आहे. ज्याने स्वतः पेन्सिलीने देव लिहिला, त्याला जेवण ठरवून दिलं, त्याची जमीन मोजली, त्याच्या बाजूची आणि विरोधातली गोष्ट रचली, त्याला दुसऱ्याने लिहिलेला देव वाचता येतो. आपल्या आधीच्या पिढ्यांना देव फक्त दिले गेले, तेही दुरून. ते खोडण्याचा आणि लिहिण्याचा असे दोन्ही हक्क मला हवे आहेत. यात श्रद्धेचा काही संबंध नाही. खेळ संपला की गाळाई वहीत बंद होते.

एक शेवटचा मुद्दा, कारण यावर आमच्यात अजून वाद आहे. फरगॉटन रेल्म्स नावाचं या खेळाचं सगळ्यांत लोकप्रिय जग आहे, मुळात एड ग्रीनवुडचं. तिथे देव प्रत्यक्ष आहेत आणि त्यांची ताकद भक्तांच्या संख्येवर ठरते. म्हणजे देवाला मतदारसंघ राखावा लागतो. मग भक्त टिकवायचे कसे? तिथे मृतांच्या नगरीभोवती एक भिंत आहे. आयुष्यभर ज्याने कुठल्याच देवाला मानलं नाही, त्याचा आत्मा त्या भिंतीत चिणला जातो आणि हळूहळू विरघळून जातो. माणूस कसा वागला याला किंमत नाही. २००७ मध्ये आलेला 'मास्क ऑफ द बिट्रेयर' हा कॉम्प्युटर गेम याच भिंतीभोवती रचला आहे, आणि तो खेळताना तुम्हाला प्रश्न पडतोच की ही भिंत कुणाच्या सोयीची.

माझ्या मैत्रिणीचं ते पात्र, चामडं कमावणाऱ्याची मुलगी, गेल्या महिन्यात म्हणालं की मी उगमेशही मानत नाही आणि गाळाईही. गाळ हा गाळ आहे, तो शेताला हवा, त्यासाठी बंधारा उघडा. वस्तीतले तिचेच लोक तिच्यावर चिडले, कारण देवीच्या नावानेच तर ते एकत्र आले होते. ती म्हणते, एकत्र यायला पाणी पुरे आहे. तिच्या काकाचं पात्र खेळणारा झारखंडचा मित्र म्हणतो, पाण्यासाठी आलेले पाणी मिळालं की घरी जातात. हा वाद आमच्या सहा जणांत सुटलेला नाही. आमच्या जगात भिंत नाही, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सर्वानुमते ठरलं होतं.

ज्यांना खेळायचं असेल त्यांनी थांबा. पुस्तक विकत घ्यायची गरज नाही, प्राथमिक नियम फुकट मिळतात, आणि वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या तरी चालतं. आम्ही पहिले चार महिने तसेच खेळलो. नकाशा काढायला एक मोठा कागद लागेल. नदी आधी काढा, देऊळ नंतर.